पूर अडवण्यासाठी बांधलेले मातीचे छोटे धरण: पाइपाशेजारची ओल आणि कायम पाणी साठवण्याचा प्रस्ताव

ओढाकाठ

नमस्कार. वस्तीच्या वरच्या अंगाला ओढ्यावर मातीचे एक धरण आहे. ते केवळ पूर अडवण्यासाठी बांधलेले आहे. कालवा नाही, झडप नाही. चाळीस वर्षांहून जुने आहे आणि देखभाल स्थानिक समितीकडे आहे. मोजमापे देतो, म्हणजे उत्तरे नेमकी मिळतील:

– उंची ओढ्याच्या तळापासून 9 मी., लांबी 180 मी., माथ्याची रुंदी 3 मी.
– उतार (उभे : आडवे) पाण्याकडे 1:2.5, खालच्या बाजूला 1:2
– पाणलोट क्षेत्र सुमारे 200 हेक्टर
– भरावाखालून 600 मिमी व्यासाचा पन्हळी पत्र्याचा पाइप, लांबी 40 मी.
– पाइपाच्या वरच्या टोकाला काँक्रीटचा उभा चौकोनी रायझर, म्हणजे पाणी वरून आत घेऊन पाइपात सोडणारा हौद, त्याचे तोंड तळापासून 2.5 मी. उंचीवर, कायम उघडे
– डाव्या बगलेत खोदलेला गवताचा सांडवा, रुंदी 12 मी., धरणाच्या माथ्यापेक्षा 1.5 मी. खाली
– रायझरचे तोंड ते सांडवा यांदरम्यानचा साठा सुमारे 70,000 घनमीटर

समितीपुढे प्रस्ताव असा आहे की रायझरवर 3 मीटर उंच भिंत चढवावी, म्हणजे पाणी उन्हाळ्यापर्यंत टिकेल. दुसरे म्हणजे पाइप जिथे बाहेर पडतो तिथे त्याच्या उजव्या बाजूला दीडेक मीटर जागा कायम ओली असते. धरणात पाणी चढले की झिरपा वाढतो, पण पाणी नितळ दिसते. तिसरे, खालच्या उतारावर झाडे माजली आहेत, काहींची खोडे 15–20 सेंमी जाड आहेत.

भिंत चढवता येईल का? आणि या तिन्हीत आधी हात कशाला घालावा?

---

सांडवा_पातळी

आधी भिंतीबद्दल. माझे उत्तर ठामपणे "नाही" असे आहे, आणि त्याची कारणे आकड्यांतच आहेत.

पुराच्या धरणाचा उपयोग त्याच्या रिकाम्या जागेत असतो. ओढ्याचा लोंढा काही तास धरून ठेवायचा आणि पाइपातून बेताने सोडायचा, एवढेच त्याचे काम. तुमच्या पाइपातून पाणी रायझरच्या तोंडाशी असताना सेकंदाला साधारण 0.7 घनमीटर आणि सांडव्याच्या पातळीला असताना साधारण 1.2 घनमीटर जाईल. म्हणजे 70,000 घनमीटर रिकामे व्हायला 18 ते 20 तास लागतात. संध्याकाळी भरलेले धरण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुढच्या पावसासाठी मोकळे. ही क्षमता फार मोलाची आहे. अशा धरणांसाठी एक रूढ निकष असा की दहा दिवसांत पुराच्या साठ्यातला 85 टक्के भाग रिता व्हावा. तुमचे धरण त्याहून कितीतरी आधी रिते होते.

आता 3 मीटर भिंत चढवली असे धरा. ओढ्याच्या दरीचा नेहमीचा आकार पाहता खालच्या 3 मीटरमध्ये सुमारे 30,000 घनमीटर पाणी कायमचे बसेल आणि पुरासाठी 40,000 उरतील. चार-पाच तासांत 80 मिमी पाऊस पडला आणि त्यातला 45 टक्के वाहून आला, तर येवा, म्हणजे धरणात येणारे पाणी, 72,000 घनमीटर. तेवढ्या वेळात पाइप 16,000 च्या आसपास बाहेर काढतो. अडवायचे राहिले 56,000. आज हे सगळे सांडवा न चालता मावते. भिंतीनंतर मावणार नाही.

सांडवा चालला तर बिघडते कुठे, असे कुणी म्हणेल. हा गवताचा सांडवा आहे, तो क्वचित चालावा अशाच हिशेबाने खोदलेला असतो. चांगले दाट गवत सेकंदाला दीड ते दोन मीटर वेग काही तास सोसते. तुमच्या सांडव्यावर 1 मीटर पाणी चढले की उंबरठ्यावरच वेग अडीच मीटरच्या पुढे जातो. सांडवा जिथे ओढ्याला मिळतो तिथल्या तीव्र उतारावर आधी घळ पडते आणि ती मागे मागे खात वर येते. ती उंबरठ्यापर्यंत पोचली की सांडव्याच्याच वाटेने सगळा साठा निघून जातो, धरणाचा भराव शाबूत असला तरी.

आणि माथ्याचा हिशेब बघा. तासाला 75 मिमी तीव्रतेच्या पावसाचा लोंढा साधारण 21 घनमीटर प्रतिसेकंद येईल. साठ्याचा आधार नसेल तर तो सांडव्यावरून जायला 1 मीटर पाणी चढावे लागते, मोकळी उंची उरते 0.5 मी. तीव्रता 120 मिमी झाली तर लोंढा 33 घनमीटरच्या आसपास, चढ जवळजवळ 1.4 मी., उरले 10 सेंमी. धरणाचा माथा मध्यभागी बसलेला असेल तर तेही नाही. मातीच्या धरणावरून पाणी गेले की खालचा उतार कापत ते काही तासांतच आरपार जाते. माथ्याची पातळी शेवटची कधी मोजली आहे? दर 10 मीटरला लेव्हलने मोजा आणि इथे द्या.

कायम कोरडी ठेवलेली धरणे ही काही अर्धवट कामे नव्हेत. अमेरिकेत ओहायोमधल्या डेटन शहरात 1913 साली भीषण पूर आला. त्यानंतर आर्थर मॉर्गन या अभियंत्याच्या देखरेखीखाली मायामी नदीच्या खोऱ्यात मातीची पाच कोरडी धरणे बांधली, 1922 मध्ये ती पुरी झाली. त्यांच्या बोगद्यांना दारेच नाहीत, मुद्दाम नाहीत. पुराच्या रात्री कुणी दार उघडायचे, कुणी बंद करायचे हा प्रश्नच उरू नये म्हणून. त्या धरणांनी आजवर हजाराहून अधिक वेळा पुराचे पाणी धरले आहे.

---

मृदाभान

वरचे सगळे मान्य. पण माझ्या मते भिंतीचा प्रश्न थांबू शकतो, पाइपाजवळची ओल थांबू शकत नाही. कामाला सुरुवात तिथून.

भरावातून जाणारा पाइप ही मातीच्या छोट्या धरणातली सर्वांत दुबळी जागा असते. पाइपाच्या पोटाखाली, दोन्ही कुशींत, रोलर पोचत नाही. तिथली माती हाताने धुमसावी लागते, आणि ते काम बहुतेक ठिकाणी घाईत उरकलेले असते. मग पाइपालगत सैल मातीची पट्टी राहते. पाणी ती वाट धरते, मातीचे कण खालच्या टोकाने बाहेर पडू लागतात आणि पोकळी मागे मागे, पाण्याच्या दिशेने वाढत जाते. जुन्या कामांत पाइपाभोवती काँक्रीटचे कॉलर, म्हणजे पाणी अडवणारी रुंद कडी, घालत. त्यांनी उलट त्रासच वाढवला, कारण कॉलरच्या दोन्ही अंगांना दबाई आणखी कठीण होते. आता कॉलर घालत नाहीत, पाइपाभोवती वाळूची गाळणी घालतात.

पाणी नितळ आहे हे बरे लक्षण आहे, पण नुसत्या नजरेवर विसंबू नका. ओलीच्या खालच्या अंगाला लहान चर काढून झिरपा एका जागी आणा, तिथे पाइपाचा तुकडा बसवा आणि 10 लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते मोजा. 40 सेकंद लागले तर सेकंदाला पाव लिटर. तारीख, धरणातली पाण्याची पातळी, झिरप्याचे मोजमाप आणि आदल्या दिवशीचा पाऊस, अशा चार रकान्यांची वही ठेवा. पातळी तीच असताना झिरपा वाढला, तर आत काहीतरी बदलले आहे. प्रत्येक वेळी काचेच्या बरणीत पाणी भरून रात्रभर स्थिर ठेवा. तळाशी गाळाची बारीक रेघ जरी दिसली तरी माती वाहते आहे असे समजा.

मातीची एक सोपी परीक्षाही करून घ्या. भरावाच्या मातीचा हरभऱ्याएवढा खडा, नैसर्गिक ओलावा असलेला, ऊर्ध्वपातित पाण्याच्या पेल्यात अलगद सोडा. नळाचे पाणी नको, त्यातल्या क्षारांमुळे निकाल फसवा येतो. तासाभरात खडा नुसता ढासळून तळाशी पसरला तर काळजी नाही. त्याच्याभोवती दुधाळ ढग पसरला आणि तो खाली बसेचना, तर माती विखुरणारी आहे. अशा मातीत सोडियमचे प्रमाण जास्त असते आणि चिकणमाती असूनही ती पाण्यात आपोआप सुटी होते. केसाएवढ्या भेगेतून सुरू झालेली गळती तिथे काही तासांत बोगदा करते. पाच-सहा वेगवेगळ्या जागांचे नमुने घ्या, एकावरून निष्कर्ष काढू नका.

एक गोष्ट मात्र कुणालाही करू देऊ नका: ओल दिसते तिथे वरून चिकणमाती किंवा सिमेंट थापणे. पाण्याची बाहेर पडायची वाट बंद झाली की ते आत दाबाने साठते, उतार फुगतो आणि दुसऱ्याच जागेतून फुटतो. खालच्या बाजूला पाणी अडवायचे नसते, माती अडवायची असते.

भिंतीला माझा विरोध आणखी एका कारणाने आहे. आज धरणात पाणी वर चढते ते काही तास. तेवढ्यात भराव खोलवर भिजत नाही. 5.5 मीटर पाणी महिनोन्महिने उभे राहिले, तर पाझररेषा, म्हणजे भरावात पाणी झिरपते त्याची वरची हद्द, खालच्या 1:2 उतारावर येऊन टेकेल. हा उतार त्यासाठी आखलेलाच नाही, पायथ्याशी गाळणीचा चर असल्याचा उल्लेखही तुम्ही केलेला नाही. शिवाय ते पाणी कधी झपाट्याने उपसावे लागले तर पाण्याकडचा भिजलेला उतार घसरतो. दीर्घकाळ भरलेले मातीचे धरण दिवसाला साधारण 30 सेंमीपेक्षा वेगाने उतरवू नये असे म्हणतात ते याच भीतीने.

---

गवतपट्टा

झाडांविषयी. "मुळे माती धरून ठेवतात" हे ओढ्याच्या काठी खरे, धरणाच्या भरावावर नाही. जिवंत मूळ भराव सैल करते, मेलेले मूळ कुजून नळी सोडते. वादळात उन्मळलेले झाड मुळांच्या गड्ड्यासकट दोन-तीन घनमीटर माती घेऊन जाते. आणि झाडीखाली काय चालले आहे ते दिसत नाही. हे शेवटचे नुकसान मला सर्वांत मोठे वाटते, कारण तपासणीच होत नाही.

कोवळी रोपे मुळासकट उपटा. मनगटाएवढ्या खोडांपर्यंतची झाडे जमिनीलगत कापली आणि बुंध्याला फुटवा येऊ दिला नाही तरी चालते. तुमची 15–20 सेंमीची झाडे मात्र बुंधा आणि जाड मुळे काढूनच संपवावी लागतील. धरण कोरडे असतानाच हे करा. खड्ड्याच्या कडा 1:1 पेक्षा चपट्या तासून घ्या, तळ खरवडून ओला करा, भरावासारखीच माती 15 सेंमीच्या थरांनी भरून धुमसा. मातीचा ओलावा हातावर कळतो: मुठीत दाबून गोळा व्हावा, बोटांनी दाबल्यावर तो दोन-तीन तुकड्यांत मोडावा. चुरा झाला तर कोरडी, हाताला माखली तर जास्त ओली. पाइपाच्या आसपास तीन मीटरच्या आत झाड असेल तर त्याला हात लावण्याआधी पाइपाचा निर्णय होऊ द्या, नाहीतर एकच जागा दोनदा खणावी लागेल.

पायथ्यापासून पुढे निदान 5 मीटर पट्टाही मोकळा ठेवा. सगळीकडे आखूड गवत, वर्षातून दोनदा कापणी. गुरे चारू नका. त्यांच्या पायवाटांतूनच पावसाचे ओहोळ पडतात.

बिळे दिसतीलच. लहान बिळे भरायला मातीत दहाव्या भागाएवढे सिमेंट मिसळून पातळ घोळ करा आणि बिळात पाइप घालून ती वरून ओता, तोंडाशी माती दाबा. नुसते तोंड बुजवले तर पोकळी आत तशीच राहते. पाण्याच्या पातळीजवळची बिळे आणि पाइपाजवळची बिळे मात्र उकरूनच भरायची.

---

ओढाकाठ

सर्वांचे आभार. सांगितल्याप्रमाणे तपासले, निष्कर्ष देतो.

माथा मध्यभागी 22 सेंमी बसलेला आहे. ती लांबी सुमारे 35 मीटर. झिरपा कोरड्या दिवसांत 10 लिटरला 50 सेकंद, पाणी रायझरच्या वर 2 मीटर असताना 10 लिटरला 18 सेकंद. दुसऱ्या वेळच्या बरणीत रात्रभरानंतर तळाशी पातळ पण स्पष्ट थर दिसला. पेल्यातल्या परीक्षेत सहापैकी एका नमुन्याभोवती ढग आला, तो पाइपाजवळचा होता. पाइपात खालच्या टोकाने कॅमेरा सरकवला: तळाचा पत्रा बऱ्याच जागी गंजून भोके पडली आहेत, एका सांध्यातून आत पाणी येते आहे. सांडव्याच्या तोंडाशी जाळीचे कुंपण आहे, त्यात काटेकुटे अडकलेले आहेत.

---

मृदाभान

हे गंभीर आहे. पातळी चढल्यावर झिरपा जवळजवळ तिप्पट आणि सोबत गाळ, त्यात माती विखुरणारी आणि पाइपाला भोके. पाणी भरावातून पाइपात शिरताना माती आत ओढते, आणि पाइप दाबाखाली भरून वाहतो तेव्हा त्याच भोकांतून पाणी भरावात घुसते. दोन्हींनी पाइपाभोवती पोकळी होते. पाइपाच्या रेषेत माथ्यावर आणि उतारांवर खळगे पडलेत का ते आजच बघा. पाइपात माणूस उतरवू नका, पाणी नसले तरी. छत कोसळू शकते आणि हवाही विषारी असू शकते. अनुभवी धरण अभियंत्याला प्रत्यक्ष जागेवर आणा आणि धरण सुरक्षेचे काम पाहणाऱ्या यंत्रणेला लेखी कळवा. वही, बरणी, कॅमेऱ्याचे चित्रण, सगळे सोबत द्या. खालच्या वस्तीला आज काय सांगायचे हे त्यांच्याशी बोलूनच ठरवा, पण सांगायला उशीर करू नका.

दुरुस्ती दोन प्रकारे होते. पहिली, जुन्या पाइपात एचडीपीई या टणक प्लास्टिकचा गुळगुळीत पाइप सरकवायचा आणि दोन पाइपांमधल्या फटीत सिमेंटचे पातळ ग्राउट कमी दाबाने भरायचे. 600 मध्ये आतून 500 मिमी बसेल. क्षेत्रफळ तिसऱ्या हिश्श्याने घटते, पण पन्हळी पत्र्याच्या तुलनेत घर्षण फार कमी, त्यामुळे वहनक्षमता तेवढी घटत नाही. तरी पूर-गणित पुन्हा मांडावेच लागते. दुसरी, धरण त्या जागी उभे कापून पाइप काढायचा आणि नवा काँक्रीटचा घालायचा. खर्च आणि जोखीम जास्त, पण भोवतालची पोकळी डोळ्यांना दिसते आणि भरता येते. कापाच्या बाजू 1:2 किंवा त्याहून चपट्या ठेवा. उभ्या कापात नवा भराव बसला की जुन्या-नव्याच्या सांध्यावर आडवी भेग हमखास पडते.

कुठलाही मार्ग घेतलात तरी पाइपाच्या बाहेर पडणाऱ्या टोकाकडच्या तिसऱ्या हिश्श्यात वाळूची गाळणी हवीच. नवा पाइप आतून सरकवल्याने बाहेरची वाट बंद होत नाही, हे अनेक ठिकाणी विसरले जाते. गाळणी पाइपाच्या दोन्ही बाजूंना आणि वर व्यासाच्या तिप्पट, म्हणजे 1.8 मी., खाली घट्ट थर लागेपर्यंत, आणि प्रवाहाच्या दिशेने जाडी 0.9 मीटरच्या आसपास. वाळू काँक्रीटला वापरतात तशी धुतलेली, 75 मायक्रॉनपेक्षा बारीक भाग 5 टक्क्यांहून कमी. बारीक भाग जास्त असला तर वाळू एकसंध होऊन भेग धरते. गाळणीने तडा गेला तरी आपणच ढासळून तो बुजवावा, हाच तिचा गुण. वाळूतले पाणी बाहेर काढायला खडीचा चर पायथ्यापर्यंत आणा. त्याचे तोंड मोजपट्टी लावता येईल असे उघडे ठेवा, म्हणजे पुढे झिरपा मोजत राहता येईल.

पुराच्या रात्री गढूळ झरा फुटला तर करायचे काम: आधी खालच्या वस्तीला हलवा. मग, आणि अभियंत्याने जागा सुरक्षित ठरवली तरच, झऱ्यावर जाड वाळू, तिच्यावर बारीक खडी, तिच्यावर मोठी खडी, असे प्रत्येकी अर्ध्या फुटाहून कमी नसलेले थर टाका. वाळू उडून जात असेल तर आधी मोठी खडी टाकून झोत मोडा, मग वाळूपासून पुन्हा सुरू करा. 15–20 घनमीटर वाळू आणि तेवढीच खडी पायथ्याजवळ, पुराच्या रेषेबाहेर, आधीच टाकून ठेवायला हवी. ऐनवेळी ट्रक चिखलातून येत नाही.

हे वेळेत न केल्यास काय होते याचा मोठा दाखला म्हणजे आयडाहोतले टेटन धरण. 93 मीटर उंचीचे, पहिल्यांदाच भरत होते. 5 जून 1976 रोजी सकाळी गढूळ गळती दिसली आणि दुपार व्हायच्या आत धरण फुटले. तुमचे धरण त्याच्या दहाव्या भागाएवढे आहे, पण भरावाची उंची आणि वेळ यांचे नाते तुमच्या बाजूचे नाही. लहान धरणात पाण्याला कापायला माती कमी असते.

---

सांडवा_पातळी

कुंपणाबद्दल राहिले. ते आजच काढा.

पेनसिल्व्हेनियातले साउथ फोर्क धरण मातीचे होते, 22 मीटर उंच. पाणी कायम साठवण्यासाठी नवीन मालकांनी ते घेतले. त्याआधीच तळाचे निकास-पाइप काढून विकले गेले होते, ते पुन्हा बसवलेच नाहीत. गाडी जावी म्हणून माथा खाली घेतला. मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या बसवल्या. 31 मे 1889 रोजी अतिवृष्टीत त्या जाळ्या ओंडक्यांनी आणि पालापाचोळ्याने तुंबल्या, पाणी माथ्यावरून गेले, धरण फुटले आणि जॉन्सटाउन परिसरात 2,209 माणसे दगावली. खालचा निकास नाही, माथा बसलेला, सांडवा अडलेला. तुमच्याकडे या तीनपैकी दोन गोष्टी आजच आहेत, आणि भिंतीच्या प्रस्तावाने तिसरीची सुरुवात होते.

तुमचे धरण सांडव्याच्या पातळीपर्यंत भरलेले असताना फुटले, तर सुमारे 75,000 घनमीटर पाणी आणि साडेसात मीटर खोली धरून लोंढ्याचा शेंडा सेकंदाला दोनशे घनमीटरच्या आसपास येतो. धरण नसताना ओढ्याला येणारा मोठा पूर 20 ते 33. म्हणजे चुकीचे राखलेले धरण खालच्या घरांना धरण नसण्यापेक्षा सहा ते दहा पट वाईट लोंढा देऊ शकते. धरण बांधल्यानंतर ओढ्याकाठी किती घरे झाली तेही मोजा. मूळ आराखड्यातला धोक्याचा वर्ग, म्हणजे धरण फुटल्यास किती हानी होईल याची प्रतवारी, तेव्हाच्या वस्तीवर ठरलेला असतो.

माथा भरताना 22 सेंमीची तूट भरून मध्यभागी थोडा उंचवटा ठेवा. वरचे 15 सेंमी गवत-मुळांसह काढा, पृष्ठभाग खरवडा, ओला करा, 15 सेंमीचे थर, प्रॉक्टर घनतेच्या (प्रयोगशाळेतल्या प्रमाणित चाचणीत मातीला मिळणाऱ्या कमाल घनतेच्या) 95 टक्के दबाई. माथ्याला पाण्याकडे किंचित उतार द्या. पण आधी बसण्याचे कारण कळू द्या. बसलेली 35 मीटर लांबी पाइपाच्या रेषेवर येते का, हे तुम्ही सांगितलेले नाही. येत असेल तर खाली पोकळी असण्याची शक्यता धरावी आणि वर मातीचा बोजा अजिबात टाकू नये. माथ्यावर आडवी, म्हणजे पाण्याकडून खालच्या बाजूकडे गेलेली भेग आहे का तेही बघा. लांबीच्या दिशेची भेग उताराच्या घसरणीची असू शकते, आडवी भेग पाण्याला सरळ वाट देते.

रायझरला कचराजाळी असेलच. तिच्या गजांमधले अंतर पाइपाच्या निम्म्या व्यासापेक्षा कमी हवे आणि एकूण मोकळे क्षेत्र निदान अडीच ते तीन चौरस मीटर, म्हणजे जाळीतून वेग सेकंदाला 0.7 मीटरच्या आत राहतो आणि कचरा चिकटून बसत नाही. वर भोवरा मोडणारी उभी पट्टी नसेल तर दुरुस्तीत बसवून घ्या. भोवऱ्याने पाइपात हवा ओढली जाते, प्रवाह धक्क्याधक्क्याने वाहतो आणि ते हादरे नेमके कमजोर सांध्यांना बसतात.

---

गवतपट्टा

लोकांना उन्हाळ्यात पाणी हवे आहे, ही गरज खरी आहे. नुसते "नाही" म्हटल्याने भिंतीचा विषय दर वर्षी निघत राहील, आणि एखाद्या वर्षी कुणी रात्रीतून फळ्या लावेल.

पाणी वर चढवण्याऐवजी खाली खोदा. रायझरच्या तोंडाखालचा 2.5 मीटर भाग हा गाळासाठी आणि कायम पाण्यासाठीच असतो. तिथे पाण्याचा पसारा अर्ध्या हेक्टरच्या आसपास भरेल आणि चाळीस वर्षांत निम्म्याहून जास्त जागा गाळाने गेलेली असू शकते. बांबूला खुणा करून गाळाची खोली दर 10 मीटरला मोजा. गाळ काढून, शिवाय 3,000 चौरस मीटर जागेत मूळ तळ 1.5 मीटर खोल केला तर नुसत्या खोदाईचेच 4,500 घनमीटर पाणी वाढते आणि पुराच्या 70,000 मधला एक थेंबही कमी होत नाही. पसारा लहान आणि खोली जास्त असल्याने बाष्पीभवनही कमी. दिवसाला 5 मिमी धरले तर चार महिन्यांत 60 सेंमी उडते, उथळ पाण्याला हे झेपत नाही, साडेतीन-चार मीटरच्या डोहाला झेपते.

खोदाई धरणाच्या पायथ्यापासून निदान 20 मीटर लांब ठेवा. पायथ्यालगतची नैसर्गिक चिकणमाती आणि बसलेला बारीक गाळ हे पाझर रोखणारे पांघरूण आहे, ते फाडले तर पाणी धरणाच्या तळाखालून वाट काढेल. आधी चार-पाच ठिकाणी चाचणी खड्डे घ्या. वाळू किंवा खडीचा थर लागला तर तिथे थांबा, वर निदान अर्धा मीटर चिकणमाती राहू द्या. काढलेला गाळ शेतात न्या, भरावासाठी वापरू नका. त्यात सेंद्रिय अंश जास्त असतो आणि तो दबतच नाही.

आणि हे पाइप व गाळणीचे काम पुरे झाल्यावरच. तोवर जो झिरपा मोजता आहात तो चालू ठेवा, पाणी रायझरच्या वर असेल तेव्हा दर दोन तासांनी.